माझ्या धडावर साडूचं डोकं

लातूरला माझ्या सासऱ्यांच्या बैठकीत, दारातून आत शिरलं की बरोबर समोरच्या भिंतीवर, वर्षभर माझं धड टांगलेलं होतं. त्यावर डोकंही होतं, पण ते माझं नव्हतं. माझ्या साडूचं होतं.

हे मी आतापर्यंत इतक्या जणांना ऐकवलंय की बायको पहिल्या तीन शब्दांनाच उठून स्वयंपाकघरात जाते. तिला जाऊ द्या. तुम्ही बसा.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, हौस म्हणून. गोदावरीचे घाट, किनवटकडचं जंगल, लग्नातल्या पंगती, गाढवं, काहीही. अशा हौशी माणसाचं एक दुर्दैव असतं. घरातल्या प्रत्येक समारंभात तो हजर असतो आणि एकाही फोटोत नसतो. माझ्या स्वतःच्या मुलीच्या बारशाच्या फोटोंमध्ये माझा फक्त अंगठा आहे, तोही लेन्सच्या कोपऱ्यात आलेला. म्हणून ज्या एका फोटोत मी होतो, मधोमध होतो आणि चांगला दिसत होतो, तो फोटो मला किती प्रिय असेल याचा तुम्हीच विचार करा.

तो फोटो मामांच्या गूळतुलेचा. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. लातूरला त्यांची गुळाची आडत होती. एक्क्याऐंशीवं लागलं तेव्हा दोन्ही लेकींनी सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. मामांनी एकच अट घातली. तुला करायची तर मंगल कार्यालयात नाही, जुन्या आडतीसमोर करायची, आणि जुन्याच काट्यावर करायची. त्यांच्याकडे चाळीस वर्षं वजन केलेला म्हातारा मापाडी त्यासाठी मुद्दाम बोलावला. त्यानं तीन बांबूंचं तिकाटणं उभं केलं, दांडीला पारडी टांगली, एका पारड्यात फळी ठेवून मामांना फेट्यासकट वर बसवलं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचल्या, आणि मामांचं पारडं झुलू नये म्हणून साखळी धरून उभा राहिला.

मी ट्रायपॉड लावला, उजेडाचा अंदाज यावा म्हणून चार-दोन फोटो काढले. मग सगळ्यांना बोलावून ओळीत उभं केलं. घरच्यांचा फोटो आहे म्हणून मापाड्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि पळालो. माझ्या वयाच्या आणि पोटाच्या माणसानं दहा सेकंदांत पंधरा पावलं पळून, कुर्ता सावरून, साखळी धरून, चेहऱ्यावर शांत भाव आणणं हे साधं काम नाही. मी ते केलं.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि बघतच राहिलो. मोतिया रंगाच्या कुर्त्यात मी साखळी धरून उभा आहे. पलीकडे ढेपांशेजारी साडू हात जोडून उभा आहे. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. मामा मात्र माझ्याकडे बघताहेत. मान वळवून, तोंड अर्धवट उघडून, काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय अशा नजरेनं.

ही नजर काय होती ते सांगायला हवं. बावीस वर्षांच्या जावईपणात मामा माझ्याशी एकूण दोन वाक्यं बोलले होते. आल्यावर, प्रवास बरा झाला का. जाताना, सांभाळून जा. मधल्या वेळात ते पेपर वाचत. धाकटा जावई, म्हणजे माझा साडू, लातूरचाच. मामांना दवाखान्यात नेणारा तो, गॅस बुक करणारा तो, मामा ज्याला नावानं हाक मारत तोही तोच. मी आपला नांदेडहून येणारा पाहुणा. आणि आता या फोटोत, सगळा गोतावळा साक्षीला ठेवून, मामा माझ्याकडे बघत होते.

मी तो फोटो सगळ्यांना पाठवला. साडूलाही पाठवला. तिथंच चूक झाली.

साडूचे लातूरला क्लासेस आहेत. तुम्ही त्या शहरात कुठल्याही चौकात उभे राहा, त्याचा फ्लेक्स दिसेल. मधोमध साडू, कोट, लाल टाय, हाताची घडी, आणि भोवती गुणवंत विद्यार्थ्यांची डोकी, ग्रह फिरावेत तशी. हे फ्लेक्स करणारा एक कलाकार त्याच्या हाताशी आहे. त्या कलाकाराकडे साडूचं डोकं कापून तयार ठेवलेलं असतं. निकाल लागला की तेच डोकं नव्या फ्लेक्सवर.

दसऱ्याला आम्ही लातूरला गेलो तेव्हा सगळे बैठकीत जमले होते. साडूनं जरीच्या कागदातून सोनेरी चौकटीची भलीमोठी फ्रेम काढली आणि मामांसमोर धरली. तुलेचा फोटो. मामा पारड्यात, ढेपा पारड्यात, मोतिया कुर्ता, साखळीवर माझा हात, माझं पोट, आणि मानेवर साडूचं फ्लेक्सवालं डोकं. मामा त्या डोक्याकडे प्रेमानं बघताहेत. एका फोटोत एक माणूस दोनदा दिसायला नको म्हणून ढेपांशेजारचा खरा साडू पुसून तिथं एक कुंडी उभी केली होती. क्रोटनची. त्या दिवशी आडतीसमोर कुंडी नावाची वस्तू नव्हती. माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून लाल टायचं एक टोक बाहेर आलं होतं.

मी म्हणालो, "साडूबुवा, हे धड माझं आहे."

तो अगदी गोड हसला. "अहो सर, फोटो काढणारा कधी फोटोत असतो का?"

सगळी बैठक हसली. ते मी सहन केलं असतं. पण माझी बायको, जिनं तो कुर्ता नांदेडला तीन दुकानं फिरून घेतला होता, ती फ्रेमकडे बघत बहिणीला म्हणाली, "कुर्ता मात्र भावजींना शोभतोय."

मामांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, "बरं हाय" म्हणाले, आणि खिळा ठोकायला सांगितला. सासऱ्यांनी आनंदानं भिंतीवर लावलेल्या भेटवस्तूबद्दल कटकट करणारा जावई किती क्षुद्र दिसतो हे मला कळत होतं. मी दोन करंज्या खाल्ल्या. पण लातूर ते नांदेड एसटीत, लोहा गाव येईपर्यंत, मी सुडाचा पूर्ण आराखडा तयार केला. ज्या हत्यारानं माझा शिरच्छेद झाला होता तेच हत्यार मी शिकणार होतो.

नांदेडच्या जुन्या वस्तीत एक उस्ताद आहेत. त्यांचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. तरुणपणी ते निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करायचे, काळ्यापांढऱ्या फोटोंना कापसाच्या बोळ्यानं रंग चढवायचे. धंदा बसायला लागला तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटरसमोर बसले आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर स्वतःच शिकले. आता त्यांच्याकडे मुख्य काम येतं ते गेलेल्या माणसांचं. घरात म्हातारा वारतो आणि हार घालायला फोटो नसतो. मग कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून, पंगतीतून, रेशनकार्डावरून त्याचं डोकं काढायचं आणि चांगल्या कपड्यांवर बसवायचं. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. त्यात सत्तर-ऐंशी कोट आहेत. फेटे, टोप्या, नेहरू शर्ट, शेरवान्या वेगळ्या. सगळी धडं डोक्याविना रांगेत उभी. मी ते फोल्डर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्या नातेवाइकांत आल्यासारखं वाटलं.

मी साडूच्या फ्रेमचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि हळहळले.

"प्रोफेसर, ये तो मय्यत का काम है. जित्या माणसाला असं करत नाहीत."

मग त्यांनी मूळ फोटो मागितला. तो बराच वेळ बघून त्यांनी पडद्यावर मामांच्या डोळ्यापासून बोटानं एक सरळ रेष ओढली. ती माझ्या कानाजवळून गेली आणि मागे निघून गेली. ते म्हणाले, बुजुर्ग तुमच्याकडे बघत नाहीत, नजर मागे जातेय. मी म्हणालो, मोतीबिंदू आहे. विषय तिथंच संपवला.

दर रविवारी सकाळी मी उस्तादांकडे जाऊ लागलो. का शिकायचंय असं त्यांनी विचारलं तेव्हा मी छंद म्हणून असं सांगितलं. पहिला धडा लेयरचा. मला वाटलं होतं फोटो म्हणजे एक कागद. उस्ताद म्हणाले, "तह पे तह. खालच्याला हात लावायचा नाही. जे करायचं ते वरच्या काचेवर करा. पस्तावलात तर वरची काच उचलून फेका." दुसरा धडा कडांचा. नवशिका माणूस कापतो तेव्हा कात्रीनं कापल्यासारखी कड येते. माणसाला कड नसते. केस, कान, दाढी, सगळं हवेत थोडं थोडं मिसळलेलं असतं. तिसरा धडा सावलीचा. त्यात मी दोन महिने अडकलो.

माझी प्रगती पाहण्यासारखी होती. घाटाच्या एका फोटोतून मी विजेची तार फार सफाईनं पुसली. तारेवरचे सहा पोपट तसेच राहिले. ते आजही निळ्या आभाळात, काही नसलेल्या जागी, एका ओळीत बसलेले आहेत. मग धीर येऊन मी बायकोचा फोटो घेतला आणि गालावरचा तीळ काढून टाकला. तिला कौतुकानं दाखवला. तो तीळ तिच्या आईला होता, आजीला होता. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. उस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून हसले आणि त्यांनी मला त्यांच्या धंद्यातला नियम सांगितला. जी गोष्ट आठ दिवसांत आपोआप जाणार ती पुसावी, मुरूम, धूळ, माशी. जी जन्माची आहे तिला हात लावू नये.

त्यांचा आणखी एक नियम होता. गेलेल्या माणसाला ते फोटोत आणत, पण जित्या माणसाला फोटोतून काढत नसत. घटस्फोट झालेले लोक येत, भांडलेले भाऊ येत, पक्ष बदललेले पुढारी येत. ते सगळ्यांना हात जोडत.

म्हणून मी साडूला काढणार नव्हतो. मी त्याला लहान करणार होतो.

योजना अशी होती. मूळ फोटो माझ्याकडेच होता. त्यावर कुंडी आणि साडूचं फ्लेक्सवालं डोकं मी पुन्हा बसवायचं, फ्रेममध्ये होतं तसंच, फक्त डोकं किंचित लहान. किती? तीन टक्के. कुणाच्या बापालाही कळणार नाही. सणाला लातूरला गेलो की फ्रेम उतरवायची, मागचे खिळे काढायचे, जुनी प्रत काढून नवी सरकवायची. पुढच्या सणाला आणखी तीन टक्के. वर्षभरानं मामांच्या वाढदिवसाला सगळे जमतील तेव्हा ते डोकं इतकं हास्यास्पद झालेलं असेल की आपोआप सगळ्यांचं लक्ष जाईल, आणि त्या क्षणी मी खरा फोटो बाहेर काढीन. माझ्या डोक्याचा. मामांच्या नजरेचा.

संक्रांतीला पहिली अदलाबदल केली. मामा दुपारचे झोपले होते, दोघी बहिणी आत तिळगूळ वळत होत्या. मी फ्रेम पुसायच्या निमित्तानं उतरवली. पक्कडीनं चार खिळे उपटताना मला ते देवळातल्या घंटेसारखे वाजताहेत असं वाटत होतं. चार मिनिटांत फ्रेम पुन्हा भिंतीवर. संध्याकाळी साडू आला, त्या फोटोखालीच बसला आणि फुर्र फुर्र करत चहा प्यायला. माझ्या अंगावर सुखाचा काटा आला.

पाडव्याला दुसरी. अक्षय तृतीयेला तिसरी. आणि तेव्हाच साडूनं माझा घात केला. तो फोटोसमोर उभा राहिला, मान तिरकी केली, आणि माझ्या मेव्हणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, म्हणाला, "या फोटोत माझे खांदे काय भरलेले दिसतात गं. जिमचा फरक पडतोय."

बरोबरच होतं. डोकं लहान होत गेलं की धड मोठं दिसणारच. खांदे माझे, छाती माझी, आणि कौतुक त्याचं. मी नांदेडला परतलो तो पेटलेलाच. नागपंचमीच्या प्रतीत मी तीन टक्क्यांवर थांबलो नाही. सरळ दहा टक्के उतरवले.

ती प्रत छापायला उस्तादांकडे नेली तर त्यांनी ती उजेडाकडे धरली, मग आधीच्या प्रती संगणकावर काढून शेजारी लावल्या. माझी चोरी पकडली गेली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आस्ते आस्ते काटना भी काटनाच है, प्रोफेसर," आणि छापायला नकार दिला. मी दुसरीकडून छापून घेतली. पंचमीला ती भिंतीवर चढली.

गणपती गेले आणि मामांना ब्याऐंशीवं लागायचा वाढदिवस आला. मी खरा फोटो मोठ्या आकारात छापून, चौकट करून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं बायकोबरोबर लातूरला पोचलो. बैठकीत शिरलो तर मामा खुर्चीत होते, आणि समोर चटईवर, भिंतीला पाठ न टेकता, तो म्हातारा मापाडी चहा पीत होता. तो निलंग्याकडच्या आपल्या गावाहून दर गुरुवारी मामांना भेटायला येतो हे मला माहीत नव्हतं. मी गुरुवारी कधी गेलोच नव्हतो.

मामांनी लेकीला आत पाठवलं. मला म्हणाले, "बसा जावाईबापू." आणि मग मापाड्याकडे वळून, "सांग ह्यास्नी."

"न्हाई मालक. ऱ्हाऊ द्या."

"आरं सांग. ते प्रोफेसर हायत, त्यास्नी कळंल."

मापाड्यानं कप खाली ठेवला. "तसं काय न्हाई साहेब. धाकल्या जावाईबापूंचं डोस्कं उतरायलंय."

मी म्हणालो, "म्हणजे?"

त्यानं भिंतीकडे बघत तळहात पुढे केला आणि वरखाली हलवला, काहीतरी तोलत असल्यासारखा. "पैल्यांदा नारळाएवढं हुतं. संक्रांतीपासनं कमी कमी व्हायलंय. म्हनलं आपले डोळे गेले आसतील. पर पंचमीनंतर आलो तर एकदम उतरलं. आता कवठाएवढं हाय. दिवाळीपतोर लिंबावर येतंय बगा."

मामांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्यांना खोकला आलाय. ते हसत होते. बावीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. फोटोशॉपवाले, फ्लेक्सवाले, मेव्हणी, साडू स्वतः, कुणालाही जे दिसलं नव्हतं ते या माणसानं नुसत्या डोळ्यानं तोललं होतं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. शिवाय हसणारे मामा बघून मला चेव आला. मी उभा राहिलो, सगळा कट कबूल केला, खिळ्यांसकट, टक्क्यांसकट, आणि शेवटी वर्तमानपत्र फाडून खरा फोटो मामांच्या मांडीवर ठेवला.

"मामा, खरं हे आहे. बघा, तुम्ही माझ्याकडे बघताय."

मामांनी चष्मा पुसला. फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"तुमच्याकडं न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"ह्याच्याकडं." त्यांनी हनुवटीनं मापाड्याकडे दाखवलं. "तुम्ही साखळी उलट्या अंगानं धरलाव. पारडं फिरायलं. मला वाटलं मी पडतो आता फेट्यासकट. तुमच्या मागं ह्यो उभा हुता, त्याला हाक मारायलो हुतो."

मी फोटोकडे बघितलं. मामांचं अर्धवट उघडलेलं तोंड. उस्तादांच्या बोटाची रेष. माझ्या कानाजवळून मागे, चौकटीच्या बाहेर.

मामा सावकाश बोलत होते. "तुम्ही ह्याला म्हनलाव, बाजूला व्हा, घरच्यांचा फोटो हाय. मला ऐकू आलं. तवा काय बोलणार, आपन पारड्यात बसलेलाव. आता वर्स झालं. दर गुरुवारी ह्यो हितं बसतो, समोर तुमचा दोघांचा खेळ बघतो."

मापाडी माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालक, च्या निवायलाय."

साडूला माझं डोकं उडवायला एक फ्लेक्सवाला, एक कॉम्प्युटर आणि तीन आठवडे लागले होते. मी मापाड्याला उडवलं ते एका वाक्यात, आणि वर त्याच्यासाठी असलेल्या नजरेवर वर्षभर हक्क सांगत फिरलो. हे मला तिथं उभ्या उभ्या स्वच्छ कळलं. मी मापाड्याजवळ चटईवर जाऊन बसलो आणि चुकलं म्हणालो. तो गडबडला, सरकून मला जागा दिली, आणि आत मला चहा सांगितला.

मग मामांनी हुकूम सोडला. उद्या लोक यायच्या आत भिंतीवर नवा फोटो पाहिजे. साखळीपाशी मापाडी. "आन तुम्ही दोघं गुळाकडं."

माझा लॅपटॉप बरोबर होता. त्या दुपारी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम केलं. उजेड बघायला काढलेले ते पहिले चार फोटो अजून होते. त्यात मापाडी साखळी धरून उभा होता, पाय रोवून, दोन बोटं कडीत अडकवून, जशी धरायला हवी तशी. ऊन तेच, सावली तीच. त्याला उचलून मी माझ्या जागी ठेवलं. मग उस्तादांसारखी मामांच्या डोळ्यापासून रेष ओढली आणि मापाड्याला थोडा मागे, थोडा डावीकडे सरकवलं, रेष त्याच्या कपाळाला लागेपर्यंत. मामांचं तोंड आता हाक मारताना नाही, गप्पा मारताना उघडलेलं वाटत होतं.

मग मी स्वतःला कापलं. जित्याला न कापायचा नियम मोडला, पण स्वतःपुरता. साखळीवरच्या हाताच्या जागी त्याच चार फोटोंतल्या एका पाहुण्याचा खाली सोडलेला हात बसवला आणि स्वतःला ढेपांशेजारी उभं केलं. शेजारी साडूला परत आणलं, खरा, हात जोडलेला, शंभर टक्के डोक्याचा. बायको मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "झालं ना आता?" मी म्हणालो, झालं.

झालं नव्हतं. ती आत गेल्यावर मी दोन बारीक गोष्टी केल्या. एक स्वतःसाठी. एक साडूसाठी.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. मामांच्या हातून फोटो भिंतीवर चढला. मापाड्याला मामांनी शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं, तो खुर्चीच्या काठावर बसला होता. साडू फोटोसमोर गेला आणि बघतच राहिला. त्याचं फ्लेक्सवालं डोकं गेलं होतं, माझं धड गेलं होतं, खांदे गेले होते. ढेपांशेजारी तो उभा होता आणि त्याच्या पुढ्यात, छातीपर्यंत, क्रोटनची कुंडी होती. पानांवरून नुसता चेहरा दिसत होता.

"अहो सर, ही कुंडी कशाला?" त्यानं विचारलं.

"तुमचीच आहे की," मी म्हणालो.

बैठक हसली. या वेळी बायको पदरात तोंड घालून हसली, आणि माझ्या बाजूनं हसली. दहा सेकंद मी त्या हसण्यात न्हाऊन घेतलं. टायमरसारखे, मोजून दहा.

मग मामा मापाड्याला म्हणाले, "बग रं, आता बरोबर हाय का समदं?"

मापाड्यानं मान वर केली. स्वतःकडे त्यानं ओझरतं बघितलं, साखळीकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग त्याची नजर ढेपांकडे गेली, तिथून माझ्या मोतिया कुर्त्यावर थांबली, आणि त्याचा तळहात पुढे येऊन वरखाली हलायला लागला. मी त्याला डोळ्यांनी विनवलं.

"समदं बरोबर हाय मालक," तो म्हणाला. "थोरले जावाईबापू तेवढे चार किलो कमी भरायलेत."

साडू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

या दसऱ्याला मी लातूरला जातोय. मामांचा निरोप आहे, पोट परत आणा. नवी प्रत तयार आहे, पोट पूर्ण भरून दिलंय, एक किलो जास्तच. कुंडीही नवी केलीय. ती एक वीत उंच झालीय. साडूच्या हनुवटीपर्यंत. पावसापाण्यात झाडं तेवढी वाढतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. तोलून बघणारा एकच माणूस आहे, आणि त्याला मी एका गुरुवारी मुद्दाम गाठून, चटईवर शेजारी बसून, आधीच विचारून ठेवलंय. संक्रांतीला नाकापर्यंत चालंल का म्हणून.

त्यानं तळहात पुढे करून वरखाली हलवला. मग म्हणाला, "हाव. चालंल."